घरमालकाचा मुलाहिजा

टेंभुर्णीचे रामकिसन मास्तर शब्दांचे अर्थ सांगून पोट भरत. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेल्या खासगी शाळेत ते मराठी शिकवीत. पोरांना कविता नाही समजली तरी चालेल, पण खालचे कठीण शब्द अर्थासकट पाठ पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष होता. मास्तर मूळचे चिखलीचे, म्हणजे हद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातले. निजामाच्या राज्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण इथली सरकारी भाषा उर्दू आहे, या गोष्टीकडे त्यांनी, यजमानाच्या एखाद्या वाईट सवयीकडे पाहुण्यानं करावं, तसं दुर्लक्ष केलं होतं. शिवाय उर्दूतले कामाचे शब्द मराठीत आधीच आलेले आहेत, मग ती वेगळी शिकायची कशाला, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी निदान घर बदलताना तरी बाजूला ठेवायला हवं होतं.

घर रखमाजीचं. रखमाजी म्हणजे गावातला जुना जमीनवाला. त्याची तीन घरं किरायानं दिलेली होती, आणि तिन्ही घरांत तो स्वतःच्या घरात शिरावं तसाच शिरे. मास्तरांच्या वाट्याला आलेलं घर म्हणजे पुढं ओसरी, मधे माजघर, आणि मागं एक अंधारी खोली. त्या खोलीच्या भिंतीच्या पोटात धान्याचं बळद होतं. रखमाजीच्या आज्यानं बांधलेलं. आत ना ओल जाई ना उंदीर. घरात दाखवण्यासारखं काय ते एवढंच होतं. त्याच खोलीत न दाखवण्यासारखंही एक होतं, ते म्हणजे तिचं दार. ते झिजून खाली बसलं होतं. आतून कडी घातली की पडायची, पण निघायची नाही. बाहेरून कुणीतरी दार खांद्यानं वर उचलावं लागे. "पुढच्या दिवाळीला सुतार लावून देतो," असं रखमाजी दर दिवाळीला म्हणे. म्हणून त्या खोलीत कुणी आतून कडी घालत नसे.

कापूस घरात येण्याच्या दिवसांत मास्तरांना घर सोडण्याची नोटीस मिळाली. कागद उर्दूत होता. तो घेऊन रखमाजी स्वतः आला, आणि वाचायला सोबत टपालवाले बदरोद्दीन यांना घेऊन आला. बदरोद्दीन ओसरीवर बसले, चष्मा पुसला आणि एका दमात वाचू लागले. तीन महिन्यांची मुदत, मग घर खाली करायचं, इथवर मास्तर मान डोलवीत होते. पुढं बदरोद्दीन वाचू लागले, "और इस मुद्दत के दौरान मालिक मकान का मुलाहिजा..."

मास्तरांनी हात वर केला. "मुलाहिजा. समजलं."

"आगे भी है, मास्तरसाब."

"असू द्या. मुद्दा कळला."

बदरोद्दीनना अजून चार दारं टपाल वाटायचं होतं. त्यांनी कागदाची घडी घालून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती कोटाच्या खिशात ठेवली, आणि रात्री जेवताना द्वारकाबाईंना अर्थ सांगितला.

"मुलाहिजा म्हणजे भीड. आदर. मालक-मकान म्हणजे घरमालक. मुदत संपेपर्यंत घरमालकाचा मुलाहिजा ठेवावा, असं कायद्यानंच लिहिलंय."

द्वारकाबाईंचा हात भाकरीवर थांबला. "घरातून निघा म्हणून राह्यला, अन् वरून त्याचा मान राखायचा?"

"सुसंस्कृत राज्य आहे," मास्तर म्हणाले.

द्वारकाबाईंना राज्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष मागच्या खोलीत होतं. तिथं त्यांची लेक नंदा बाळंतीण होती. नंदा वाटूरला दिलेली. तिचं पहिलं लेकरू मागच्या साली तिथंच, सासरी, महिना भरायच्या आत गेलं. वारा लागला, असं सुईण म्हणाली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. म्हणून या खेपेला द्वारकाबाईंनी तिला माहेरी आणलं आणि ठरवलं, की सव्वा महिना त्या खोलीत वाऱ्याला पाय ठेवू द्यायचा नाही. झरोक्यात चिंध्या कोंबल्या. दाराच्या फटींना जुनं लुगडं लावलं. शेगडीवर ओवा-शेपा पडत होत्या, आणि तो धूर जायला वाट नसल्यामुळं निष्ठेनं आतच राहात होता. मुलगी झाली होती, पण अजून तिचा चेहरा नीट कुणी पाहिला नव्हता. नंदानंसुद्धा.

घर सोडायचं याचं द्वारकाबाईंना फार वाईट वाटलं नाही. मुदत पुष्कळ होती. तोवर ती खोली बंद राहिली म्हणजे झालं.

नोटिशीनंतर दोन-तीन दिवसांत रखमाजी घर दाखवायला पहिला माणूस घेऊन आला. मच्छिंद्र नावाचा सरकीचा व्यापारी. मास्तर राखुंडीनं दात घासत होते. त्यांनी घाईनं चूळ भरली, कोट चढवला, टोपी घातली आणि दारापर्यंत सामोरे गेले.

"या, या. बसा. चहा घ्या."

रखमाजीनं आजवर या घरात पाणीसुद्धा मागून घेतलं होतं. तो क्षणभर दारातच थबकला. मग त्यानं हा आपल्या पुण्याईचा भाग समजून जोडे काढले. मच्छिंद्रानं मात्र जोडे काढले नाहीत. तो सरळ माजघरात गेला, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि वास घेतला.

"वरण हाये," तो रखमाजीला म्हणाला.

"घर कसं हाये ते बघा ना."

"वरण शिजतंय म्हंजे पाणी गोडं हाये. तेच बघून राह्यलो."

मग ते मागच्या दाराशी आले. मास्तर पुढं झाले. "ही खोली तेवढी... आत बाळंतीण आहे."

"मंग राहू द्या, राहू द्या," रखमाजी म्हणाला. तो काही राक्षस नव्हता. "बळद बाहेरून ऐकवतो." आणि त्यानं माजघराच्या बाजूनं भिंतीवर मुठीनं तीनदा ठोकलं. "ऐका आवाज. नुसतं पोकळ. पोत्यांची रास मावंल आत."

आवाज खरंच चांगला आला. त्यामागून बाळाच्या रडण्याचा आला, आणि मग बराच वेळ खोकल्याचा.

मच्छिंद्राला घर पसंत पडलं नाही. चहा पसंत पडला.

त्यानंतर येणाऱ्यांचा धरबंध राहिला नाही. द्वारकाबाई न्हाणीत असल्या की कुणीतरी न्हाणीचा दगड बघायला येई. मास्तर जेवायला बसले की कुणी त्यांच्या पाटामागं उभं राहून छताच्या कड्या मोजी. दोघे भाऊ आले. कोण कुठं झोपणार यावरून त्यांचं भांडण लागलं, आणि निकालासाठी दोघेही मास्तरांच्या अंथरुणावर आडवे झाले. तिथं एकाला झोप लागली. नाक्यावरचा एक जमादार आला. दिवसभर बैलगाड्यांतल्या मालात लोखंडी सळई खुपसायची त्याला सवय होती. सळई सोबत नव्हती म्हणून त्यानं छत्रीच्या टोकानं मास्तरांच्या वळकट्या, पिठाचा डबा आणि तुळशीची कुंडी तपासली. प्रत्येकाला मास्तर कोट-टोपीनिशी सामोरे जात, आणि प्रत्येकजण शेवटी भिंतीवर ठोकून आवाज ऐके. बाळ आता ठोकण्याच्या आधीच रडू लागलं होतं.

शाळेत मास्तरांचे खाडे वाढले. घरी कुणी मालकाचा माणूस आला आणि आपण नसलो, तर कायद्याचा भंग होईल अशी त्यांना भीती होती. झोपतानाही ते कोट उशाशी ठेवीत.

"घर चाललं त चाललं," द्वारकाबाई म्हणाल्या, "साखर, चहापत्ती त्याच्या आधी चालली. आन् ती पोरगी आत धुरात बसून भिंत कधी वाजंल ह्याची वाट पाहून राह्यली. तुमाला कायी म्हणता येत न्हाई का त्याईला?"

"मुलाहिजा," मास्तर हताशपणे म्हणाले.

असा पंधरवडा गेल्यावर एका दुपारी रस्त्यावरून हाक आली, "मास्तरसाब, इजाजत है?"

मास्तरांनी कोट चढवला आणि बाहेर पाहिलं. जाफराबादच्या कचेरीतले पेशकार गयासोद्दीन रस्त्यावर, पायरीच्याही खाली उभे होते. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, पाठ दाराकडे केलेली, म्हणजे आत कुणी बाईमाणूस असलं तर नजर पडू नये.

"या ना, आत या."

"मकान देखने आया था. लेकिन आपकी मर्जी हो तो."

मर्जी हा शब्द मास्तरांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. ते म्हणाले, "माझी मर्जी कुठली? नोटिशीत स्पष्ट लिहिलंय ना." आणि खिशातला कागद त्यांनी पुढं केला.

गयासोद्दीननी तो वाचला. मग शांतपणे, मराठी-उर्दू मिसळून सांगितलं, "बराबर लिहिलंय. मालिक, मकान का मुलाहिजा, किरायादार की इजाजत से, करा सकता है. तुमच्या इजाजतीशिवाय कोणीच उंबऱ्याच्या आत येऊ शकत न्हाई."

"मुलाहिजा करा सकता है? भीड करवू शकतो?"

"भीड?" पेशकार घोटाळले. "मुलाहिजा म्हणजे देखना. पाहणी. मुआयना."

"नक्की?"

"मास्तरसाब, मेरी तो उमर इसी लफ्ज को लिखने में गई."

मास्तर पायरीवर बसले. आजवर त्यांनी किती पोरांना या शब्दाचा अर्थ सांगितला होता, आणि चुकला म्हणून किती जणांना छडी दिली होती, ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ते उठले, कारण समोरचा माणूस उभा होता. "पेशकारसाहेब, तुम्ही या. तुम्हाला माझी इजाजत आहे."

तेवढ्यात आतून बाळ रडलं. गयासोद्दीननी विचारलं, "अंदर जच्चा है?"

"हो."

"तो फिर नहीं. खुदा दोनों को सलामत रखे." आणि ते सलाम करून, आले तसे निघून गेले. आत बोलवावासा वाटला तो एकच माणूस, आणि तो उंबरा न ओलांडता परत गेला.

दुसऱ्या दिवशी रखमाजी जमादाराला दुसऱ्यांदा घेऊन आला. जमादाराला घर आवडलं होतं, फक्त बळद आतून बघितल्याशिवाय तो शब्द देणार नव्हता. मास्तर कोट न घालता दारात उभे राहिले.

"इजाजत नाही."

रखमाजीला वाटलं मास्तरांना बरं नाही. "काय झालं? ताप आल्ता का काय?"

"नोटिशीत लिहिलंय. माझ्या परवानगीशिवाय घर दाखवता येत नाही."

"मास्तर," रखमाजीच्या आवाजात खरं दुःख होतं, "इतक्या वर्षांचा तुमचा-माझा मुलाहिजा, अन् तुमी..."

"मुलाहिजा म्हणजे पाहणी," मास्तर म्हणाले. त्यांच्या उभ्या आयुष्यात शब्दार्थ इतका उपयोगी पडला नव्हता.

रखमाजी जमादाराला घेऊन परत फिरला. त्या संध्याकाळी चहा केला तो फक्त घरच्यांसाठी, आणि पातेल्यात उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीची बायको सगुणाबाई आली. हातात झबलं, टोपडं, वर नारळ. मागं आणखी दोघी. एक जमादाराची बायको, दुसरी जमादाराची सासू.

"इजाजत..." मास्तरांनी सुरुवात केली.

"कशाची इजाजत?" सगुणाबाई म्हणाली. "बाळ बघायला आलो आमी."

मास्तरांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. घर बघू नका म्हणता येतं. बाळ बघू नका असं म्हणायला कोणत्याच भाषेत शब्द नाही. द्वारकाबाईंनी दाराचं लुगडं काढलं आणि हळदी-कुंकू आणायला गेल्या.

तिघी आत गेल्या. दार उघडंच राहिलं.

"अगंबाई, काय गुणाचं हाये!" जमादाराची सासू म्हणाली. तिची पाठ पाळण्याकडे होती. तिनं बळदाचं तोंड उघडून कोपरापर्यंत हात घातला होता. "किती मण मावंल गं?"

माजघरात द्वारकाबाईंनी पातेल्याच्या काठावर चमचा आपटला. सगुणाबाईनं घाईनं सावरलं, "बाळाचं वजन म्हणून राह्यल्या त्या."

"इतक्या मणांचं लेकरू न्हाई माझं," नंदा म्हणाली. बाळंतीण झाल्यापासून बाहेरच्यांशी तिनं काढलेले हे पहिले शब्द होते.

त्या दिवसापासून गावात बाळाचं कौतुक फार वाढलं. जिला घर हवं होतं ती आली, जिला नको होतं ती हवं असणारीच्या सोबतीला आली. प्रत्येकीच्या हातात झबलं. नाक अगदी आजोबावर गेलंय म्हणता म्हणता छत बघून होई, डोळे आईवर गेलेत म्हणता म्हणता कोपरे. मास्तरांनी कष्टानं मिळवलेला हक्क ओसरीवर तसाच शाबूत पडून होता, आणि त्याच्यावरून पाय टाकून बाया आत जात होत्या. द्वारकाबाई रात्री लुगडं पुन्हा फटीला लावीत आणि सकाळी काढीत. बाळाला खोकला झाला. दार उघडलं की वारा, बंद केलं की धूर.

"मागच्यासारखं झालं त..." द्वारकाबाई म्हणाल्या.

"मागचं लेकरू कुठं गेलं, आये?" नंदानं अंधारातून विचारलं.

"असं काय बोलतीस?"

"बंद खोलीतच गेलं ना? फटींना चिंध्या, शेगडी, धूर, समदं हेच. तवा कुठून वारा लागला त्याला?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती हिशोब न लागलेलं गणित विचारावं तशी विचारत होती. "बाबा म्हणतात, इजाजतीशिवाय कोणी येऊ शकत न्हाई. मला कोणी इजाजत मागितली का? त्याईनंबी न्हाई, तुमीबी न्हाई."

मास्तर माजघरात बसून ऐकत होते. या प्रश्नातला एकही शब्द कठीण नव्हता, म्हणून त्यांना अर्थ सांगता आला नाही.

सकाळी ते उठले तेव्हा नंदा ओसरीवर उन्हात बसली होती. केस सोडलेले, मांडीवर लेकरू. द्वारकाबाई तिच्या डोक्याला बांधायला फडकं घेऊन उभ्या होत्या, आणि रागवावं की रडावं हे ठरत नव्हतं म्हणून नुसत्याच उभ्या होत्या. मुलगी डोळे बारीक करून उजेडाकडे पाहात होती. ती खोकत नव्हती.

"नाक माझं नाहीच," मास्तर वाकून पाहात म्हणाले.

"न्हाई," नंदा म्हणाली. "ह्यायचं हाये."

तेवढ्यात रखमाजी आला. सोबत जमादार, त्याची बायको, सासू. आज कुणाच्याच हातात झबलं नव्हतं. बाळंतीण बाहेर आल्याची बातमी गावात गेली होती.

"वा, मास्तर! खोली मोकळी झाली. आता त काही अडचण न्हाई."

अडचण खरंच नव्हती. ज्या बाळंतिणीसाठी खोली राखायची ती इथं उन्हात बसली होती. मास्तरांना हे दिसत होतं. पण हातात एकदाच आलेला हक्क, तोही कुणी विचारत नाही म्हणून टाकून द्यायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसेना.

"इजाजत नाही!" ते ओरडले, आणि जमादार छत्री घेऊन पुढं सरकतोय असं पाहून ते सगळ्यांच्या आधी माजघरातून धावले, मागच्या खोलीत शिरले आणि दार ओढलं.

"अहो, आतून कडी घालू नका!" द्वारकाबाई ओरडल्या.

कडी पडल्याचा आवाज आला.

बाहेर सगळे दाराशी जमले. जमादारानं नाक्यावरच्या सवयीनं विचारलं, "आत कोण हाये?"

"किरायादार," रखमाजी म्हणाला. त्यानं घर दाखवण्याचा धंदा बरीच वर्षं केला होता. वाया जाऊ द्यायची गोष्ट नव्हती. "बघा तुमीच. नोटीस दिली, पण खोलीच अशी गुणाची हाये, का माणूस बाहेर निघायला राजी न्हाई."

जमादारानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं आईकडे, आणि आईनं भिंतीवर शेवटचं एकदा ठोकलं. घर तिथंच ठरलं.

आत शेगडी अजून धुमसत होती. मास्तरांनी हे सगळं ऐकलं, आणि काही वेळानं त्यांना खोकला सुरू झाला. झरोक्यात चिंध्या होत्या. फटींना रात्रीचं लुगडं अजून होतं. द्वारकाबाईंनी काम चोख केलं होतं. कडीशी झटल्याचा आवाज आला. मग दोन्ही हातांनी झटल्याचा. मग पुन्हा खोकल्याचा. अशा धुरात बसलं की काय वाटतं, हे त्या घरात आता दोघांना माहीत झालं होतं.

"रखमाजी," आतून आवाज आला.

"बोला मास्तर."

"दार जरा खांद्यानं उचला."

रखमाजी पुढं झाला, दाराला खांदा लावला आणि थांबला. ओसरीवरून नंदा मान वळवून पाहात होती.

"इजाजत हाये का, मास्तर?" तो म्हणाला. "न्हाई, मागून म्हणाल विचारलं न्हाई."

बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

"आहे," मास्तर म्हणाले.